उमाठे काकांची फायनल

उमाठे काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी सुमनकाकूंचा उजवा हात आपल्या हातात धरला होता आणि तो उताणा करून ते अतिशय बारकाईने बघत होते.

प्रसंग संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा. जागा सिंगापूरच्या क्लेमेंटीतल्या आमच्या कॉन्डोची फंक्शन रूम. एसी गारठवणारा, सगळ्याजणी काळ्या साड्यांत. आणि मधोमध हा सहा फुटांहून उंच, सत्तरीचा, काटकुळा माणूस. टी-शर्ट पँटीत खोचलेला, पायात पांढरे शुभ्र बूट आणि गळ्यात शिटी. हळदीकुंकवाला शिटी घालून आलेला पुरुष मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिलेला नाही. सुनेचे तिळगुळाचे डबे पोचवायचे आणि परत जायचं, एवढंच त्यांचं काम होतं. पण सुमनकाकूंनी वरच्या कपाटातला स्टीलचा भलाथोरला ट्रे नुसत्या टाचा उचलून एका हाताने खाली काढला, ते काकांच्या नजरेला पडलं आणि काका तिथेच थांबले.

ते हात बघताहेत हे बघून कोणीतरी कुजबुजलं, "नागपूरचे आहेत. छान सांगतात म्हणे."

संपलं! पाच मिनिटांत रांग लागली. त्या रांगेत इंजिनिअर होत्या, मॅनेजर होत्या, युनिव्हर्सिटीत संशोधन करणारी मानसी होती, आणि माझं प्रमोशन तेव्हा अडकलेलं असल्यामुळे मीही होते. आपल्यापुढे बायका हात पसरून का उभ्या आहेत, याचं काकांना काडीचंही नवल वाटलं नाही. ते शांतपणे प्रत्येकीची बोटं ताणून बघत, अंगठा दाबत, मनगट फिरवत आणि निकाल देत.

"बोटं चांगली आहे. अंगठा कडक आहे, तो सुटला पाह्यजे."

"तुमचं होते सगळं नीट. फक्त गुडघे वाकवाले शिका."

"अगं बाई, माझ्या गुडघ्यांचं कसं कळलं हो यांना?" ती बिचारी हबकूनच गेली.

माझा हात त्यांनी बघितला, सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "पंजा लहान आहे. पण डोळे बरे आहे तुमचे." प्रमोशनचा विषय मग मी काढलाच नाही.

शेवटी त्यांनी माझ्यासकट सातजणींना बाजूला काढलं आणि त्या बंद खोलीत कानठळ्या बसतील अशी शिटी मारली. "उद्या सकाळी सात वाजता. ब्लॉकखालच्या कोर्टवर. बूट घालून या."

आम्हाला वाटलं, काहीतरी तोडगा असणार. मानसीने तर हळूच विचारून घेतलं, "काका, उपाशीपोटी यायचं का?"

दुसऱ्या दिवशी कोर्टवर गेलो तर काका हातातल्या बाजाराच्या पिशवीतून बास्केटबॉल काढत होते. जाधवांची स्नेहल म्हणाली, "अहो, हे काय? पत्रिका नाही बघणार?" काकांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती बॉल घ्यायला पुढे झाली. आमची टीम झाली ती अशी.

या माणसाला बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, रिकामी असली तरी ते उभे राहत. तेही दांडीला न धरता, गुडघे किंचित वाकवून, गाडी वळली की अंगाने वळत. "फुकटचा सराव आहे, बाई," म्हणत. लिफ्टमध्ये त्यांच्या पुढे होऊन बाहेर पडणं अशक्य होतं. आपण डावीकडून निघालो की ते डावीकडे, उजवीकडून निघालो की उजवीकडे, दोन्ही हात पसरून. त्यांच्या लक्षातही यायचं नाही. सुपरमार्केटमध्ये ते टरबूज घेत ते वजनावरून किंवा रंगावरून नाही. दोन्ही हातांत धरून, छातीशी आणून, नजर समोर कोणातरी अनोळखी माणसावर रोखून. तो माणूस दचकून बाजूला व्हायचा.

बोलायचे ते नागपुरी. सगळ्यांशी. कोर्टच्या कडेला सकाळपासून चिनी बुद्धिबळाचा डाव मांडून बसणारे म्हातारे अंकल होते, त्यांच्याशीसुद्धा. ते त्यांच्या बोलीत उत्तर देत. दोन्ही बाजूंना काही कळत नसे आणि संभाषण अर्धा अर्धा तास चाले. आमचा सराव सुरू झाला तसा त्या अंकल लोकांनी पट बाजूला सारला आणि खुर्च्या आमच्याकडे वळवल्या. "वाह, आंटी, शूट लाह!" असं त्यांच्यातला एक टोपीवाला ओरडायचा. आम्ही शूट केलं की सगळे डोक्याला हात लावायचे.

खरी अडचण वेगळीच होती. काकांनी आम्हाला धावायला शिकवलं, वाकायला शिकवलं, एक पाय रोवून त्याच पायावर फिरायला शिकवलं. मंगळागौरीचे खेळ खेळलेल्या बायका असल्यामुळे ते फिरणं तर आम्हाला आधीपासूनच येत होतं. काका खूश होऊन नुसते नाचले. पण पहिला सामना आपसांत खेळलो आणि काय झालं? स्नेहल बास्केटखाली एकटी उभी, हातात बॉल, समोर कोणी नाही. तिने बॉल मानसीला दिला. "तुम्ही घ्या ना." मानसीने सुमनकाकूंना. "अहो, आधी तुम्ही." सुमनकाकूंनी परत स्नेहलला. "अगं, तू तर घेतलाच नाहीस अजून." बेसनाच्या लाडवांचं ताट फिरावं तसा तो बॉल फिरत राहिला आणि बास्केटकडे काही जाईना.

काकांची शिटी तोंडातून गळून पडली.

"हे काय केळवण आहे काय?" ते गरजले. "आग्रह कोनाले करून राह्यल्या तुम्ही? बॉल म्हंजे पाव्हणा नाही, पोट्ट्यांनो! तो हातात आला की तो तुमचा! फेका त्याले!"

आम्हाला पोट्ट्या म्हणणारा माणूस. सगळ्यात धाकटी गौरी, तिलाही छत्तिसावं लागलेलं, आणि सुमनकाकूंना साठीचे वेध. पण त्या हाकेने काय झालं कोण जाणे, आम्ही सगळ्या त्या दिवशी घरी उड्या मारत गेलो.

त्याच दिवशी काकांनी फर्मान काढलं. कोर्टवर काकू नाही, ताई नाही, वहिनी नाही, अहोजाहो नाही. नुसतं नाव आणि नुसतं "तू". "काकू म्हणून हाक मारेपर्यंत समोरची बॉल घेऊन पळून जाते," हे त्यांचं कारण. आता हे ऐकायला सोपं वाटतं. पण गौरी ही सुमनकाकूंची सून! एकाच फ्लॅटमध्ये राहणारी, घरात सासूला "आई" म्हणणारी, आणि तेही खालच्या पट्टीत. ती सासूला "सुमन" अशी हाक कशी मारणार? पहिला आठवडा ती नुसतं "अहो!" ओरडायची आणि आम्ही बाकीच्या पाचहीजणी वळून बघायचो. दुसऱ्या आठवड्यात तिने हाक मारणंच सोडून दिलं. मुकाट्याने पास द्यायची. तो सुमनकाकूंच्या कानावर, खांद्यावर, एकदा तर अंबाड्यावर आपटला.

"सांग ना तिले बॉल येऊन राह्यला म्हणून!" काका कळवळून ओरडायचे.

"जमणार नाही हो, काका. मारा मला वाटलं तर."

सुमनकाकू कान चोळत म्हणायच्या, "मला चालेल गं. म्हण की." पण चालेल म्हणतानाचा त्यांचा चेहराच असा असायचा की गौरी आणखी मागे सरकायची.

काका स्वतः काय होते, हे आम्हाला कळलं एका हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या छपराखालच्या खाऊगल्लीत. सरावानंतर आम्ही तिथे कॉफी प्यायला जायचो. त्या दिवशी काकांना एक डाव समजावून सांगायचा होता आणि टेबलावर खेळाडू मांडायला काहीतरी हवं होतं. त्यांनी आजूबाजूला बघितलं. शेजारच्या रिकाम्या टेबलांवर टिश्यूची छोटी छोटी पाकिटं पडलेली. कोणीतरी विसरून गेलंय असं समजून काकांनी ती गोळा केली आणि आमच्या टेबलावर मांडायला लागले. "ही मानसी. ही स्नेहल. ही समोरची उंच बाई."

आता सिंगापूरमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको की टेबलावर टिश्यूचं पाकीट म्हणजे ती जागा धरलेली असते. एक वेळ दुसऱ्याची छत्री उचलली तर खपेल, पण हे नाही. पाच मिनिटांत हातात गरमागरम नूडल्सचे ट्रे घेतलेली पाच-सहा माणसं गोंधळून आपापलं टेबल शोधत उभी, आणि त्यांच्या टेबलांवर दुसरेच लोक जेवायला बसलेले. आम्ही टेबलाखाली शिरायच्या बेतात. काका मात्र त्यातल्या एकाला हाताला धरून सांगत होते, "थांबा ना दोन मिनिटं, तुमचं पाकीट आता बास्केट मारून राह्यलं!" आणि गंमत म्हणजे तो माणूस ट्रे घेऊन थांबला. बास्केट झाल्यावर "गुड, गुड" म्हणाला आणि मगच पाकीट घेऊन गेला.

त्या गडबडीतून सावरल्यावर मी सहज विचारलं, "काका, तुम्ही कुठे खेळायचात हो?"

तेव्हा ते बोलले. बोलताना टेबलाभोवती फेऱ्या मारत होते.

खेळाच्या कोट्यातून त्यांना तरुणपणी एका मोठ्या कारखान्यात कायमची नोकरी मिळाली होती. हजेरी लावायची आणि संध्याकाळी कारखान्याच्या टीमसाठी खेळायचं. लग्न ठरायला याहून काय लागतं? अशात दोन धडाडीच्या व्यापाऱ्यांनी एक नवीन लीग काढायची ठरवली. बास्केटबॉलची, पगारी खेळाडूंची. कारखान्याचा नोकर म्हणून नाही, फक्त खेळाडू म्हणून पगार. आपल्याकडे तेव्हा असलं कोणी ऐकलंही नव्हतं. काकांनी कायमची नोकरी सोडली आणि करारावर सही केली.

"माझ्या बाबांनी विचारलं, धंदा काय म्हणून सांगू पोरीवाल्यांले? मी म्हटलं, बास्केटबॉल. ते म्हणे, तो छंद झाला, धंदा सांग." काका हसले. "वर्षभर बोलले नाई माझ्याशी."

पण ते दिवस! ते सांगताना काकांचे हात, पाय, भुवया सगळं एकदम बोलत होतं. गावोगाव फिरायचं, रात्रीच्या बसमध्ये झोपायचं, टाऊन हॉलमधल्या फरशीवर खेळायचं. एका गावात बास्केटची कडी आली नव्हती तर लोहाराकडून बैलगाडीच्या चाकाची धाव बसवून घेतली. त्यातून चार-पाच बॉल एकदम जायचे, त्यामुळे त्या दिवशी सगळ्यांनीच पोटभर बास्केट केले. बघायला येणाऱ्यांना नियम माहीत नसत, म्हणून सामन्याच्या आधी काका स्वतः माईकवर उभे राहून नियम सांगत आणि मग खेळत. लोक त्यांना "माईकवाला" म्हणायला लागले. आणि त्यांची टीम जिंकत जिंकत फायनलला पोचली.

"मग?" आम्ही सगळ्या पुढे वाकलेल्या.

"मंग काय. फायनलच्या दिवशी हॉलवर गेलो तर दाराले कुलूप. शेठ लोकांचं आपसात फाटलं होतं. एक म्हणे मी पैसा नाई देत, दुसरा गावातच नाई. दोन्ही टीमा पायऱ्यांवर बसून होत्या संध्याकाळपर्यंत. मंग बसस्टँडवर गेलो. लीग संपली." काका टेबलावर थाप मारून म्हणाले, "पण सांगतो तुमाले, ती फायनल आम्ही जिंकलो असतो! कोनालेही विचारा!"

पुढे त्यांनी नागपूरला शाळा-कॉलेजातल्या मुलींना शिकवण्यात आयुष्य घालवलं. त्यांच्या टीमा उपांत्य सामन्यापर्यंत धडकायच्या आणि तिथे अडकायच्या. खेळाडू म्हणून आणि कोच म्हणून मिळून काकांच्या वाट्याला एकच फायनल आली, आणि ती झालीच नाही.

"मले एक फायनल पाह्याची आहे," त्यांनी कॉफीचा शेवटचा घोट उभ्या उभ्या घेतला. "सुरू झालेली आणि संपलेली. बस्स."

हे ऐकल्यावर आमच्या अंगात काय शिरलं ते मला सांगता येत नाही. वस्त्यावस्त्यांतल्या पस्तिशीपुढच्या बायकांसाठी एक छोटी स्पर्धा होती. तिच्यात आम्ही नाव दिलं. पायालेबारच्या ऑफिसात मी मीटिंगमध्ये टेबलाखाली टाचा उचलून धरायला लागले. सुमनकाकू स्वयंपाक करता करता लिंबं भिंतीवर मारून झेलायच्या. मानसीने म्हणे संशोधनाच्या गाईडशी बोलताना त्यांना डावीकडून चकवून दार गाठलं. पहिला सामना आम्ही जिंकलो तेव्हा आमचाच विश्वास बसेना. रेफरी मॅडमना दोनदा विचारून खात्री केली. दुसरा जिंकलो तेव्हा बुद्धिबळवाले अंकल उभे राहून नाचत होते. उपांत्य सामन्यात शेवटच्या मिनिटात मानसीने दोन बास्केट मारले आणि आम्ही फायनलमध्ये! काकांनी शिटी इतक्या वेळ वाजवली की वरच्या मजल्यावरून एका बाईंनी येऊन विचारलं, आग लागली आहे का.

आणि त्याच आठवड्यात बातमी आली. काकांच्या मुलाची कंपनी त्याला दुसऱ्या देशात पाठवत होती. इथला फ्लॅट सोडायचा. काका इथे राहत होते ते मुलाच्या नोकरीच्या पासवर. तो संपला की ते नागपूरला परत. विमान रविवारी सकाळी. फायनल शनिवारी दुपारी.

"जमून राह्यलं की बरोबर!" काका म्हणाले. ते खरंच खूश होते. आम्हीच बोटांवर दिवस मोजायला लागलो.

शनिवारी दुपारी कोर्टवर गर्दी. समोरची टीम सेरंगूनची. त्यांच्या कोच मिसेस लिम, निवृत्त पीटी टीचर, उंचीने काकांच्या कोपरापर्यंत, डोक्याला झापडाची टोपी. त्या आणि काका एकमेकांकडे दोन बोके बघतात तसे बघत होते. रेफरीने बॉल उडवला, स्नेहलने तो मारला, आम्ही धावलो, आणि मोजून चार पास झाले असतील नसतील तोच पश्चिमेकडून काळंकुट्ट आभाळ अंगावर आलं. विजेचा इशारा देणारा भोंगा वाजला. सगळे कोर्टवरून ब्लॉकखाली पळाले. आणि मग जो पाऊस कोसळला! समोरची इमारत दिसेना.

आम्ही थांबलो. अर्धा तास, तास. भोंगा पुन्हा वाजला. आयोजकांपैकी एक सद्गृहस्थ हसतमुखाने आले आणि म्हणाले, कोर्ट आता वाळायचं नाही, पुढच्या आठवड्यात ते मिळायचं नाही, तर दोन्ही टीम्सना जॉइंट विनर्स करू. दोघींना मेडल, एकत्र फोटो, सगळे खूश. ओके?

खरं सांगते, आम्ही खूश झालो. न हरता विजेते, काय वाईट होतं? मानसीने तर फोटोसाठी केसांना कंगवा लावला. मी काकांना सांगायला वळले.

काका बसले होते.

ब्लॉकखालच्या सिमेंटच्या गोल स्टुलावर, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, पावसाकडे बघत. एकेक करून सगळ्यांनी त्यांना पाहिलं आणि मानसीने कंगवा खाली ठेवला.

"काका..." मी म्हटलं.

"असंच असते वो, बाई," ते इतक्या हळू म्हणाले की पावसात जेमतेम ऐकू आलं. "घ्या तुम्ही मेडल. चांगल्या खेळल्या."

तेव्हा गौरी निघाली. आमच्यात सगळ्यात कमी बोलणारी गौरी, तरातरा मिसेस लिमपुढे जाऊन उभी राहिली आणि विचारलं, तुमच्याकडे छप्पर असलेलं कोर्ट आहे का?

मिसेस लिमनी टोपी वर केली. "माय ब्लॉक देअर गॉट शेल्टर्ड कोर्ट. बट सेरंगून लेह. सो फार."

"एमआरटीने जाऊ."

"नाऊ?"

"आत्ता!"

आयोजक मध्ये पडले. असं करता येत नाही, हे अधिकृत धरलं जाणार नाही, मेडल तर मिळतंच आहे. मिसेस लिमनी त्यांच्याकडे, मग स्टुलावरच्या काकांकडे बघितलं. काकांची लीग, ते कुलूप, यातलं त्यांना काही माहीत नव्हतं. पण कोचला कोच ओळखतो. "नेव्हर माइंड ऑफिशियल," त्या म्हणाल्या. "रेफरी कम, कॅन ऑलरेडी." म्हणजे रेफरी आल्या की झालं. रेफरी मॅडम गुडघ्याचा पट्टा घट्ट करून उभ्याच होत्या.

आमच्या बायका मात्र एकमेकींकडे बघत बसलेल्या. तू ऊठ, तुम्ही उठा, आधी कोण? तोच घोळ. गौरीने आमच्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, दीर्घ श्वास घेतला आणि सगळा ब्लॉक दणाणेल अशा आवाजात ओरडली, "सुमन, ऊठ!"

पाऊससुद्धा थांबला की काय असं वाटलं. सुमनकाकूंनी सुनेकडे बघितलं. मला वाटलं, आता या घरात आजपासून दोन चुली. आणि सुमनकाकू खाली वाकल्या, बुटाची नाडी आवळली, उठल्या आणि म्हणाल्या, "चला. बॉल कोणाकडे आहे?"

क्लेमेंटीहून बुओना व्हिस्टा, तिथे गाडी बदलून सेरंगून. दोन्ही टीम्स एकाच डब्यात! एका टोकाला मिसेस लिम त्यांच्या बायकांना कानात सूचना देताहेत, दुसऱ्या टोकाला काका. काकांना कानात बोलता येतच नव्हतं. ते सगळा डाव डबाभर ऐकू जाईल असा सांगत होते. मिसेस लिमनी त्यांची एक उंच बाई हेरगिरीसाठी आमच्याजवळ आणून उभी केली. ती बिचारी डोळे बारीक करून ऐकत राहिली, "मानसी, तू तिकडून जाय, सुमन खाली थांबते, मंग स्नेहल मागून येते!" सिंगापूरमध्ये याहून सुरक्षित गुप्त भाषा शोधून सापडायची नाही. काका परत उभे होते, परत हलत होते, आणि मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं.

सेरंगूनचं कोर्ट इमारतींच्या मधे, उंच छपराखाली. छपरावर पाऊस ताशासारखा वाजत होता. स्कोअरबोर्ड क्लेमेंटीलाच राहिलेला. मिसेस लिमच्या घरून लहान मुलांचा फळा आणला आणि राखीव खेळाडू म्हणून तो माझ्या हातात आला. खाली भाजी आणायला निघालेले लोक पिशव्या घेऊन थांबले.

आणि सामना सुरू झाला. काय सामना झाला तो! आग्रह नाही, संकोच नाही. "मानसी!" "इकडे!" "सुमन, मागे बघ!" गौरीचा आवाज आता थांबतच नव्हता, बारा वर्षांचं सगळं त्या एका नावातून बाहेर पडत होतं आणि सुमनकाकू प्रत्येक हाकेला नेमक्या वळत होत्या. समोरच्यांनी एक बास्केट मारला की आम्ही एक. मी खडूने लिहीत होते, पुसत होते, हात पांढरे झाले होते. एकदा उत्साहात मी आमचे दोन गुण आधीच लिहिले आणि बॉल बाहेर गेला. रेफरी मॅडमनी नुसते डोळे वटारले. काका कडेकडेने बाजूच्या रेषेवरून आमच्याइतकेच धावत होते.

शेवटी आम्ही एका गुणाने मागे. बॉल गौरीकडे. तिच्यासमोर दोघीजणी. तिने न बघता बॉल सोडला आणि ओरडली, "सुमन, मार!"

सुमनकाकूंनी मारला. बॉल कडीवर बसला. कडीवरून फिरला, एक चक्कर, दुसरी, सगळं कोर्ट श्वास धरून, मी खडू धरून. आणि तो बाहेरच्या बाजूने खाली पडला. लांब शिटी वाजली.

हरलो. एका गुणाने.

सुमनकाकूंनी पदर नव्हता तरी डोळ्यांना टी-शर्टची बाही लावली. आम्ही काकांकडे बघायला धजत नव्हतो. आणि काका! काका कोर्टच्या मधोमध दोन्ही हात वर करून उड्या मारत होते.

"संपली! बाप्पा, फायनल संपली! हरलो! चक्क हरलो!"

ते मिसेस लिमकडे धावले आणि त्यांचा हात इतका हलवला की त्यांची टोपी पडली. त्यांच्या सगळ्या बायकांशी हात मिळवला, रेफरीशी मिळवला, भाजीवाल्या बघ्यांशी मिळवला. मग सुमनकाकूंपुढे येऊन थांबले. त्या म्हणाल्या, "माझ्यामुळे गेला हो, काका."

"गेला म्हणूनच तर कळलं, सुमन," काका म्हणाले. धापा टाकत होते, डोळे भरलेले होते, तोंडभर हसू होतं. "सारी उमर मी सांगत राह्यलो, जिंकलो असतो, जिंकलो असतो. कोनाले मालूम? असेच हरलोही असतो, बाई. एका पॉइंटने." मग त्यांनी गौरीकडे बघितलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "हॉलच्या मागेच शाळेचं ग्राउंड होतं. दोन्ही टीमा हजर. बॉल माह्याच पिशवीत होता. आम्ही कुलूप पाहून घरी गेलो. उठा, तिकडे जाऊन खेळू, हे कोनीच नाई म्हटलं. मीही नाई म्हटलं."

गौरीने वाकून त्यांना नमस्कार केला, आणि मग आम्ही सगळ्यांनीच केला. माझे खडूचे हात त्यांच्या पांढऱ्या बुटांना लागले तरी काही दिसलं नाही.

फ्लॅट सोडल्यामुळे काकांचा मुलगा पायालेबारला मित्राकडे उतरला होता, म्हणून सेरंगून स्टेशनवर आमच्या वाटा फुटल्या. निरोपाचं काही बोलायचं मी वाटेत मनाशी जुळवत होते. पण त्यांची गाडी आधी आली. काका "चला, चला, गुडघे वाकवा" एवढं म्हणून आत शिरले आणि काचेची दारं लागली. मी काचेवर टकटक केलं. त्यांचं लक्षच नव्हतं. दाराशी उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाला त्यांनी गाठलं होतं. डाव्या हाताच्या बोटांची त्यांनी कडी केली आणि उजव्या हाताची मूठ तिच्यावरून फिरवत आणली, एक चक्कर, दुसरी, आणि बाहेरच्या बाजूने खाली सोडली. त्या माणसाने कानातले इअरफोन काढले आणि काहीतरी विचारलं. काकांनी मान डोलावली, छातीवर हात ठेवला, आणि काचेमागून ऐकू येत नसतानाही मला त्यांच्या ओठांवर तो शब्द स्पष्ट दिसला, हरलो. गाडी हलली तेव्हा ते त्याला सुरुवातीपासून सांगायला लागले होते.